अठ्ठावीस दात आणि एक जड सायकल

माईंनी सायकलने कामाला जायचं ठरवलं तेव्हा त्यांना त्रेपन्नावं सरत आलं होतं, आणि घरात कुणीही ती गोष्ट थट्टेवारी नेली नाही. नेली असती तर बरं झालं असतं. चार दिवस हसून लोक आपापल्या कामाला लागले असते. इथे ज्याने त्याने मनावर घेतलं.

कारण साधंच होतं. नदीवरचा मोठा पूल दुरुस्तीसाठी पाच महिने बंद होणार होता, आणि ते पाच महिने नेमके हिवाळ्याचे होते. बस आता शहराला वळसा घालून वरच्या पुलावरून जाणार, म्हणजे जिथे पंचवीस मिनिटं लागायची तिथे दीड तास. माईंचं काम नदीपलीकडे, दातांच्या प्रयोगशाळेत. त्या कवळ्या करायच्या. डॉक्टरांकडून रुग्णाच्या जबड्याचा ठसा यायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, आणि मेणात एकेक दात. एकतीस वर्षं हाच उद्योग. "निम्मं शहर माझ्या हातचं खात नसेल, पण माझ्या हातच्यानेच खातं," असं त्या म्हणायच्या, आणि स्वयंपाकात आपला हात यथातथाच आहे हेही वर सांगून टाकायच्या.

त्यांचे यजमान जमीन मोजणी खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्यामुळे त्यांना सगळे मोजणीदारच म्हणत. पूल बंद होणार हे वर्तमानपत्रात आलं त्या संध्याकाळी ते म्हणाले, "बंधाऱ्याजवळचा पायी जायचा पूल चालू राहणार आहे. चालत गेलीस तर पावणेदोन तास."

"आणि सायकलने?" माईंनी सहज विचारलं.

मोजणीदारांनी पेन्सिल शोधली. तिथेच सगळं ठरलं.

त्यांच्याकडे खात्यातलं एक मोजणीचं चाक होतं, लांब दांडीचं. ढकलत चाललं की आकडे पुढे सरकत. तीन दिवस ते चाक ढकलत ते वेगवेगळ्या वाटांनी नदीपलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या फुलवालीने त्यांना अडवून विचारलं, रस्ता रुंद होणार आहे का आणि माझं दुकान त्यात जाणार आहे का. मोजणीदारांनी नोकरीत कधी खोटं सांगितलं नव्हतं. "नाही हो, बायकोला सायकलने जायचंय," ते म्हणाले. फुलवालीने अर्थातच विश्वास ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. एक वाट हमरस्त्याची, सव्वासहा किलोमीटर, पण ट्रकांची. दुसरी कालव्याच्या कडेने, सपाट आणि झाडांखालची. तिसरी शाळेच्या मागून, पाण्याच्या टाकीवरून, सात किलोमीटर आणि एक चढ.

"तू तिसरीने जा," मोजणीदार म्हणाले.

"चढ कशाला माझ्या मागे लावताय?"

"चढावर कुणी घसरत नाही. माणूस घसरतो सपाटीला, कारण तिथे त्याचं लक्ष नसतं."

सायकलीचा प्रश्न मात्र धाकट्या दिरांनी आपल्या अंगावर घेतला. भाऊजी पेशाने वकील, पण सगळा जीव सायकलींत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर चार सायकली टांगलेल्या होत्या, जशी शिकारी लोक हरणांची मुंडकी टांगतात. त्यातली एक त्यांनी खाली काढली. तारेसारखी बारीक, बोटाएवढ्या रुंदीची चाकं, वाकडं हँडल.

"वहिनी, उचलून बघा. एका हाताने."

माईंनी उचलली. खरंच, भाजीच्या पिशवीएवढंही वजन नव्हतं.

"काय म्हणता?"

"छानच आहे हो," माई म्हणाल्या. मला ती चालवायची आहे भाऊजी, उचलायची नाही, हे उत्तर त्यांना सुचलं ते तीन आठवड्यांनी. हजरजबाबीपणा त्यांच्याकडे नेहमीच उशिरा पोचायचा.

चौदाव्या वर्षी सुटलेली सायकल दोन रविवारांत परत आली. शरीर विसरत नाही म्हणतात ते खरं आहे, फक्त त्या काळी शरीराला कंबर नव्हती एवढंच. पहिले पंधरा-वीस दिवस हवा चांगली होती. माई सकाळी सातला निघायच्या, टाकीच्या चढावर उतरून चालायच्या, पलीकडच्या उतारावर वाऱ्यासारख्या जायच्या आणि पस्तीस मिनिटांत प्रयोगशाळेच्या दारात. त्या सायकलीला मडगार्ड नव्हतं. पाऊस झाला की मागचं चाक त्यांच्या कोटावर खालून वर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा ओढायचं. पहिल्यांदा तो बघून मोजणीदार गंभीरपणे म्हणाले, "रेघ मात्र एकदम सरळ आहे."

दुसरी अडचण सामानाची. पूल बंद झाल्यापासून प्रयोगशाळेची गाडी नदीअलीकडच्या दवाखान्यांत यायची बंद झाली होती. माईंच्या घराजवळच एका दंतवैद्य बाईंचा दवाखाना होता. तिथलं काम मी नेईन-आणीन, असं माईंनी आपण होऊन सांगितलं होतं. पण त्या सायकलीला कॅरियर नव्हतं, आणि ते बसवायचं म्हटल्यावर भाऊजींच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की माईंनी विषयच सोडला. पुठ्ठ्याचं खोकं त्या पाठीवरच्या पिशवीत ठेवायच्या.

मग ती सकाळ आली. रात्रीतून थंडी एकदम उतरली होती, गवत पांढरं दिसत होतं. माईंना निघायला उशीर झाला आणि त्या कालव्याच्या वाटेला वळल्या. पाठीवरच्या खोक्यात एक पूर्ण कवळी होती, वरची आणि खालची, साच्यावर मेणात लावलेली. मेणातले दात रुग्णाच्या तोंडात घालून बघून झाले होते, डॉक्टरीणबाईंनी पसंतीची चिठ्ठी लावली होती. आता फक्त मेण जाऊन तिथे पक्कं गुलाबी प्लास्टिक यायचं बाकी होतं. तीन दिवसांचं काम त्या खोक्यात होतं.

कालव्याकडेला पानांचा खच पडला होता, आणि पानांवर बर्फाचा पापुद्रा. माई काही वेडंवाकडं करत नव्हत्या. समोरून एक कुत्रं आलं, त्यांनी ब्रेकला नुसतं बोट लावलं, आणि पुढचं चाक त्यांचा निरोप न घेताच डावीकडे निघून गेलं. पडताना त्यांना एवढंच कळलं की आपण पाठीवर पडतो आहोत, आणि पाठीवर पडायचं नव्हतं.

कोपर खरचटलं होतं, गुडघा सोललेला होता. त्या आधी पिशवीकडे वळल्या. खोकं चपटं झालेलं, साच्याचे चार तुकडे, आणि दात सगळीकडे. काही पिशवीत, काही तिच्या फाटलेल्या तोंडातून बाहेर पडून पानांत.

माई गुडघ्यांवर बसून पानं चाळू लागल्या. कुत्र्याचा मालक धावत आला. जाडजूड, लाल कानटोपीतला माणूस.

"बाई, लागलं का? काही हरवलं का?"

"दात," माई म्हणाल्या.

त्याने हबकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडातले सगळे जागेवर दिसल्यावर तो आणखीच गोंधळला.

"किती?" एवढंच त्याने विचारलं.

"अठ्ठावीस."

पुढचा अर्धा तास ती दोघं ओणवी होऊन पानं उलटत होती. येणारे-जाणारे थांबत, आणि लाल कानटोपीवाला प्रत्येकाला गंभीरपणे सांगे, "बाईंचे दात पडलेत." एकीने तर माईंच्या हातात आपल्या दंतवैद्याचा नंबर कोंबला. शेवटी सव्वीस सापडले. दोन त्या कालव्यानेच ठेवून घेतले. सव्वीस काय आणि सोळा काय, साचा फुटल्यावर सगळं पहिल्यापासूनच करायचं होतं.

डॉक्टरीणबाई फोनवर रागावल्या नाहीत. "नवा ठसा घेऊ. फक्त आजोबांना परत बोलवावं लागेल, आणि त्यांना आधीच दोन महिने झालेत दातांवाचून."

"त्यांना मी स्वतः जाऊन सांगते," माई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी शेकडो जबडे हातात धरले होते, पण जबड्यांच्या मालकांना भेटायची वेळ फारशी आली नव्हती.

रविवारी दुपारी त्या गेल्या. चौथा मजला, खिडकीत कुंड्या, भिंतभर पुस्तकं. आजोबांनी दार उघडलं. उंच, ताठ, आणि तोंडावर रुमाल धरलेला. पस्तीस वर्षं ते रेडिओवर बातम्या वाचत होते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आत आरामखुर्चीत त्यांची बायको बसली होती, पायांवर शाल घेऊन, आवाजाच्या दिशेने मान वळवून. त्यांना दिसत नव्हतं.

माईंनी सगळं सांगितलं. पानं, कुत्रं, कानटोपी, सव्वीस. चूक माझी, असंही सांगितलं.

आजोबांनी रुमाल थोडा बाजूला केला. "फार लागलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. 'फ'च्या जागी नुसतीच हवा आली आणि ते ओशाळले. माफी मागायला आलेल्या माईंना ते पहिलं वाक्य जितकं लागलं तितकं कोपरही लागलं नव्हतं.

आजी मात्र बोलायला मोकळ्या होत्या. "मला दिसेनासं झाल्यापासून हे रोज दुपारी वाचून दाखवतात. मोठी कादंबरी चालली होती आमची. मग दात गेले. आता हे 'सासू' वाचतात ते 'हाहू' ऐकू येतं. मी हसते, हे रागावतात, पुस्तक बंद. दोन महिने झाले, ती बिचारी नायिका सामान घेऊन स्टेशनवर उभी आहे."

आजोबा रुमालामागे हसले.

"सायकल कुठली होती?" आजींनी विचारलं.

"दिरांची. शर्यतीची."

"म्हणजे लग्नातल्या चपला घालून डोंगर चढायला निघालात." आजींनी शाल सारखी केली. "मी पोस्टात होते. बावीस वर्षं सायकलवर पत्रं वाटली, बर्फात आणि चिखलात. तुम्ही जुन्या बाजारामागच्या सायकलवाल्या मावशींकडे जा. माझी सायकल तिच्या नवऱ्याने बांधली होती. तो गेला, आता ती बघते. सायकल द्यायच्या आधी उलटतपासणी घेते, पण चुकीची देत नाही."

उलटतपासणी म्हटल्यावर भाऊजी बरोबर आलेच. त्यांना आपली सायकल बदनाम झाल्याचं वाईट वाटलं होतं, आणि वहिनी पडल्याचं त्याहून जास्त. त्या दोन भावना एकत्र आल्यामुळे ते दुकानात शिरल्या शिरल्या मोठमोठ्याने माहिती देऊ लागले.

मावशी साठीच्या, आखूड केस, नाकावर जाड चष्मा, खिशात नट कसायचे पाने. भाऊजींचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी माईंना स्टुलावर बसवलं.

"किती वाजता निघता? कुठल्या वाटेने?"

"सातला. टाकीच्या चढावरून, बंधाऱ्याच्या पुलाने."

"उजाडलेलं असतं?"

"महिनाभराने नसेल."

"बरोबर काय असतं?"

"प्लास्टर. फुटतं ते."

"सायकल रात्री कुठे राहते? पायऱ्या आहेत?"

"अंगणात, छपराखाली. पायऱ्या नाहीत."

"मग वजनाचं दुःख नाही. कामावर कपडे बदलता?"

"नाही."

"पडलात त्या दिवशी पाय जमिनीला पोचत होते?"

माईंनी आठवून पाहिलं. "अंगठा पोचत होता."

"अंगठ्याने काय कपाळ होतंय," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी आधी एक घडीची सायकल दाखवली, लगेच स्वतःच बाजूला केली. चाकं लहान, बंधाऱ्याच्या पुलावर फळ्यांच्या फटीत अडकतील. मग एक डोंगरातली, रुंद दातेरी टायरांची. ती माईंना आवडली, पण तिच्यावर बसलं की मान खाली आणि पाठ आडवी. "दिवसभर कामावर वाकूनच बसता ना? मग जाता-येता तरी ताठ बसा," मावशी म्हणाल्या. आणि कोपऱ्यातून त्यांनी एक गडद हिरवी सायकल ओढून काढली. दांडी खाली वाकलेली, म्हणजे पाय उंच न टाकता बसता येईल. जाड टायर, दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड, साखळी पूर्ण झाकलेली, गिअर मागच्या चाकाच्या आत बंद. दिवा पुढच्या चाकावरच चालणारा, बॅटरीची भानगड नाही. मागे रुंद कॅरियर.

"वजन किती?" भाऊजींनी विचारलं.

"एकोणीस किलो."

भाऊजींचा चेहरा एखाद्या आजाराचं नाव ऐकल्यासारखा झाला. "वहिनी, ही म्हैस आहे."

"म्हैस पावसात घसरून पडलेली कधी पाहिलीत का, वकीलसाहेब?" मावशी म्हणाल्या.

भाऊजींनी वाकून जाड टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

दुकानामागे फरसबंद अंगण होतं, थोडं उतरतं. मावशींनी नळाखालची बादली भरून सबंध अंगणावर ओतली. मग कोपऱ्यात जमवलेली पानं पायाने पसरली. "आता वरून या आणि मी सांगेन तिथे ब्रेक दाबा. जोरात."

माईंनी हँडल घट्ट धरलं. त्या वरून आल्या, मावशींनी हात केला, त्यांनी डोळे जवळजवळ मिटून ब्रेक दाबला. सायकल पानांत किंचित हलली आणि थांबली. माईंचे दोन्ही पाय पूर्ण टेकलेले होते. त्यांनी न सांगताच परत वर नेऊन आणखी एकदा केलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून भाऊजी म्हणाले, "बास वहिनी, त्यांना दुकान बंद करायचं असेल."

हिरवी सायकल घेऊन निघताना मावशींनी दोन गोष्टी सांगितल्या. निसरड्या दिवशी टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची. आणि घराबाहेर पडताना जरा थंडी वाजली पाहिजे. "नाही वाजली तर समजा कपडे जास्त झाले. टाकीच्या चढावर घाम येणार, आणि तो घाम उतारावर तुम्हाला गारठवणार. हिवाळ्यात माणूस थंडीने आजारी पडत नाही, घामाने पडतो."

दातांचं काम माईंनी पुन्हा सुरू केलं. नवा ठसा आला, तो कॅरियरवर बांधलेल्या डब्यातून, खाली फोम घालून. ती सायकल रस्त्यावरचे खड्डे जणू पायाखाली घेऊन पुढे जायची. शर्यतीच्या सायकलीवर पस्तीस मिनिटं लागायची, हिच्यावर त्रेचाळीस. मोजणीदारांनी ती नोंद केली आणि माईंनी त्यांना सांगितलं की वरची आठ मिनिटं माझी आहेत, ती मोजू नका.

मग खरा हिवाळा आला. मोजणीदार रोज पावणेसातला अंगणात जाऊन थर्मामीटर बघून यायचे. "शून्याखाली एक. बंधाऱ्याच्या पुलावर उतरून चाल." किंवा "तीन. धुकं आहे, घंटी वाजवत जा." माई मोजा चढवता चढवता हूं म्हणायच्या. सुरुवातीला त्यांना वाटायचं, आपण रोज सकाळी एका संकटाला तोंड द्यायला निघालो आहोत. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरलं. पहिली पाच मिनिटं गारठा, मग बोटं गरम, मग चढ, मग टाकीपाशी एक क्षण थांबून गळ्याचं बटण उघडायचं. खाली शहरात दिवे असायचे. इतकी वर्षं बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून पेंगत गेल्या होत्या आणि ही सकाळ रोज बाहेर अशी उभी असायची.

टाकीपाशी त्यांना रोज एक परिचारिका भेटायची, रात्रपाळी संपवून घरी जाणारी, समोरून सायकलवर. कधी थांबून बोलणं झालं नाही. दोघी घंटी वाजवायच्या, इतकंच. एकदा ती चार दिवस दिसली नाही तर माईंना कामात चैन पडेना. पाचव्या दिवशी ती आली, नाक लाल, गळ्याला दोन मफलर. माईंनी घंटी दोनदा वाजवली. तिनेही दोनदा.

पडल्या का पुन्हा? एकदा, अंगणातच, उभ्या सायकलवर बसताना कोटाचं टोक अडकून. ते फक्त मोजणीदारांनी पाहिलं, आणि त्यांनी त्याची नोंद केली नाही.

आजोबांची कवळी तयार झाली त्या दिवशी दुपारी दोनला बर्फ पडायला लागला. या शहरात बर्फ दर वर्षी पडत नसे, आणि पडला की सगळे असे वागत जणू पहिल्यांदाच पाहतोय. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सगळ्यांना लवकर सोडलं. वरच्या पुलावर गाड्यांची रांग लागल्याची बातमी आली.

"माई, सायकल इथेच ठेवा, मी गाडीने सोडतो," साहेब म्हणाले. "केव्हा पोचू ते मात्र सांगता येत नाही."

"पाचला आजोबा दवाखान्यात येणार आहेत."

"कवळी उद्या द्या. एका दिवसाने काय होतंय?"

"साहेब, तिकडे एक बाई तीन महिन्यांपासून स्टेशनवर उभी आहे," माई म्हणाल्या. साहेबांना काही कळलं नाही, पण माईंशी वाद घालायचा नसतो हे त्यांना एकतीस वर्षांपासून कळत होतं.

त्यांनी डबा दोन फडक्यांत गुंडाळून कॅरियरला पक्का बांधला. टायरची हवा कमी केली. सगळ्यात हलका गिअर लावला आणि निघाल्या, चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम जास्त वेगाने. बर्फ चष्म्यावर बसत होता, तो बोटाने पुसत त्या रस्त्याच्या मधोमध जात होत्या, कारण गाड्याच नव्हत्या. बंधाऱ्याच्या पुलावर उतरल्या आणि सायकलीचा आधार घेऊन चालल्या. फळ्यांवर त्यांच्याआधी फक्त एका पक्ष्याच्या पावलांचे ठसे होते. टाकीच्या उतारावर मागचं चाक एकदा सरकलं. दोन्ही पाय टेकले, सायकल उभी राहिली, माईही उभ्या राहिल्या. त्यांनी मागे वळून डब्याची गाठ चाचपली. खाली एक मोटार आडवी होऊन अडकली होती आणि तिचा मालक कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता. माई बाजूने जाताना त्याने टोपीला हात लावला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना त्या दवाखान्यात शिरल्या. आजोबा आणि आजी आधीच येऊन बसले होते. ते जवळच राहायचे, हाताला हात धरून पायी आले होते. बाहेरच्या खोलीत आणखी पाच-सहा जण गाल धरून बसलेले.

डॉक्टरीणबाईंनी आत नेऊन कवळी बसवली, दोनदा काढून कुठेतरी घासली, परत बसवली. माई हात चोळत दाराशी उभ्या होत्या. त्यांना असं बघायला कधी मिळालं नव्हतं.

"काहीतरी म्हणा. स, श, फ येईल असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजोबांनी जीभ आतून सगळीकडे फिरवून पाहिली. मग इकडेतिकडे बघून त्यांनी भिंतीवरची सूचना वाचायला घेतली. "दात काढल्यानंतर घ्यावयाची काळजी. पहिले सहा तास गरम पदार्थ खाऊ नयेत. शक्यतो शांत पडून राहावे." पहिल्या ओळीला आवाज जरा चाचपडला. दुसऱ्या ओळीला पस्तीस वर्षांचा रियाज जागा झाला. भरदार, स्वच्छ, एकेक अक्षर नाण्यासारखं वाजवून. बाहेरच्या खोलीतली कुजबूज थांबली. गाल धरलेली माणसं माना वळवून ऐकू लागली. "सूज आल्यास बर्फाने शेकावे. रक्तस्राव न थांबल्यास डॉक्टरांशी संपर्क साधावा," असं त्यांनी अशा थाटात सांगितलं की देशात काहीतरी मोठं घडलं आहे असं वाटावं.

ते थांबले. बाहेरून आजींचा आवाज आला, अगदी घरगुती.

"झालं ना? मग आता घरी चला."

आजोबांनी माईंचा हात दोन्ही हातांत धरला. तो बराच वेळ हलवत राहिले. माईंना ते पुरलं.

पूल ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधीच उघडला. पहिल्या दिवशी माई मुद्दाम बसने गेल्या. बस गरम होती, खिडकीपाशी जागा मिळाली, शेजारी बसलेल्या बाईंनी सुनेचं सगळं सांगितलं. काहीच वाईट नव्हतं. पण प्रयोगशाळेत टेबलापाशी बसल्यावर बोटं आखडलेली होती. मेण कोरताना हात हवा तसा वळेना. सायकलने आलं की हात तापलेलेच असायचे, आल्या आल्या काम सुरू. आज दहा वाजून गेले तरी त्या नुसत्याच बोटं चोळत बसल्या होत्या. डोकंही अजून घरीच राहिल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी ते मोजणीदारांना सांगितलं.

"म्हणजे आता सायकलच?" त्यांनी विचारलं.

"रोज नाही. वादळी वारा असला की बसने. कंटाळा आला की बसने. माझ्यावर कसली सक्ती आहे?"

"आणि उद्या?"

"उद्या हवा कशी आहे?"

मोजणीदार उठून अंगणात गेले. माईंनी चहाचं आधण ठेवलं आणि कोटाचं सुटू आलेलं बटण शिवायला घेतलं. बाहेर ते जरा जास्तच वेळ रेंगाळले. परत आले तेव्हा त्यांच्या बोटांना तेल लागलेलं होतं.

"चार डिग्री," ते म्हणाले. "वारा नाही. साखळीला तेल घातलंय."

"मग जाते की," माई म्हणाल्या आणि दोरा तोडला.